पशुवैद्य : पहिली पसंती की दुसरी यादी?



बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की आम्हा शिक्षकांच्या खोलीबाहेर रांग लागते. त्यात पेढे घेऊन येणारे थोडे आणि सल्ला विचारायला येणारे फार. काही वर्षांपूर्वी अशाच रांगेतून एक विद्यार्थी गुणपत्रिका घेऊन माझ्यापुढे आला. म्हणाला, "सर, एमबीबीएसला लागत नाही. व्हेटरनरीला मिळतंय. घेऊ का?" मी गुणांवर नजर टाकली आणि म्हणालो, "थोडक्यात हुकलंय रे. एक वर्ष थांब, पुन्हा परीक्षा दे. गुरांचा डॉक्टर कशाला होतोस?"

त्याने माझे ऐकले. पुढच्या वर्षी त्याचे गुण वाढले नाहीत, उलट घटले. आणि हाती आलेली जागाही गेली. नंतर त्याचे वडील भेटले तेव्हा कळले की घरी पंधरा-वीस शेळ्या होत्या आणि कोणाची शेळी विताना अडली की आसपासचे लोक याच मुलाला बोलावीत. हे मला ठाऊक नव्हते, कारण मी त्याला काही विचारलेच नव्हते. मी फक्त गुण पाहिले होते.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. पशुवैद्यकाशी माझा धंद्याचा संबंध नाही. तरीही या विषयावर लिहायला बसलो त्याचे एक कारण ही चूक, आणि दुसरे कारण आमच्या घरची मांजर.

अर्ध्या गोळीची गोष्ट

मागे एकदा आमची मांजर दोन दिवस काही खाईना. हात लावला तर अंग गरम लागले. घरात पॅरासिटॅमॉलची गोळी होती. अर्धी गोळी कुटून आम्ही तिला दुधातून पाजली. काही तासांतच तिचे तोंड सुजले, श्वास भरभर चालू लागला आणि ती कोपऱ्यात निपचित पडून राहिली. तिला टोपलीत घालून आम्ही गावातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात धावलो.

डॉक्टरांनी तिचे ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या मातकट तपकिरी झाल्या होत्या. त्यांनी विचारले, "सर, घरातली तापाची गोळी दिलीत का?" मी ओशाळून होकार दिला.

पुढे त्यांनी जे समजावले ते प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवण्याजोगे आहे. माणसाचे यकृत पॅरासिटॅमॉलच्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडते आणि मग तो मूत्रावाटे सहज बाहेर पडतो. ही जोडणी करणारे एन्झाइम मांजराच्या यकृतात फारच तोकडे असते. त्यामुळे औषध अंगात साचते आणि त्यातून विषारी पदार्थ तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनवर त्याचा हल्ला होतो, त्याचे मेटहिमोग्लोबिन बनते आणि असे रक्त ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. आपल्याला घाम आणून ताप उतरवणारी गोळी मांजराला आतून गुदमरवते. शिवाय कुत्र्या-मांजरांचे नेहमीचे तापमानच 38 ते 39 अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे आपल्याहून अंश-दीड अंश जास्त असते. आम्हाला लागलेला तो 'ताप' बहुधा ताप नव्हताच!

मांजरीच्या कानाला एक छोटा चिमटा लावला होता. रक्तातील ऑक्सिजन मोजणारे हे ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत, 2020 साली, घरोघरी पोहोचले. त्यावरचा आकडा पाहून मी काही बोलणार तोच डॉक्टर म्हणाले, "आज या आकड्यावर जाऊ नका." खरे तर हे मला कळायला हवे होते, कारण ते माझ्याच विषयातले होते. हे यंत्र तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश रक्तातून पाठवते, त्यांच्या शोषणाचे गुणोत्तर काढते आणि त्यावरून ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन किती ते ठरवते. पण रक्तात हिमोग्लोबिनचे दोनच प्रकार आहेत हे ते गृहीत धरते. मेटहिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश जवळजवळ सारखेच शोषते. ते फार वाढले की गुणोत्तर एकाच्या आसपास येते आणि यंत्र बिचारे 85 टक्क्यांच्या जवळचा आकडा दाखवत राहते. प्राण्याची प्रकृती याहून कितीतरी वाईट असू शकते. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आकड्याकडे पाहत होता आणि डॉक्टर हिरड्यांकडे. त्या वेळी डॉक्टरांचेच शास्त्र अधिक पक्के होते.

ऑक्सिजन आणि उतारा वेळेवर मिळाला म्हणून मांजर वाचली. ती बरी होईपर्यंत मी रोज दवाखान्यात जात होतो आणि तिथल्या बाकावर बसून पाहत होतो.

मोजमापाचे शास्त्र

तुम्ही म्हणाल, डॉक्टर तो डॉक्टर. माणसांचा काय नि प्राण्यांचा काय. एक मोठा फरक आहे. माणसांच्या डॉक्टरांपुढे एकाच जातीचा प्राणी येतो. या दवाखान्यात एका सकाळी मी तीस किलोंचा लॅब्राडोर पाहिला, दोन किलोंचे पॉमेरेनियन पाहिले, ससा पाहिला आणि तीस-पस्तीस ग्रॅमचे लव्हबर्डसारखे पाखरू, बजरिगार, तेही पाहिले. तेच हात आणि तेच टेबल, पण प्रत्येक वेळी हिशोब निराळा.

तो हिशोब साध्या त्रैराशिकाचा नाही. 1932 साली माक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की प्राण्याच्या शरीरात विश्रांतीच्या वेळी खर्च होणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ती साधारणपणे वजनाच्या पाऊण घाताच्या प्रमाणात वाढते. दोन किलोंचा कुत्रा आणि बत्तीस किलोंचा कुत्रा घ्या. वजन सोळापट, पण ऊर्जेची गरज सोळाचा पाऊण घात, म्हणजे आठपटच. लहान जीव किलोमागे अधिक 'जळतो'. भूल दिलेले पिल्लू टेबलावर लवकर गार पडते याचेही मूळ भूमितीत आहे. आकार लहान झाला की आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग वाढतो आणि उष्णता भराभर निसटते. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी त्याच्याखाली ऊब ठेवतात.

हा हिशोब चुकला तर काय होते? 1962 साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी येथे टस्को नावाच्या हत्तीवर प्रयोग झाला. भ्रम निर्माण करणारे एलएसडी हे रसायन त्याला टोचायचे होते. मात्रा ठरवताना मांजराला लागणारे प्रमाण घेतले, किलोमागे 0.1 मिलिग्रॅम, आणि त्याला हत्तीच्या वजनाने गुणले. उत्तर आले 297 मिलिग्रॅम. माणसावर परिणाम करायला मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा पुरतो. हत्ती काही मिनिटांत कोसळला आणि दोन तासांच्या आत मेला. त्याला सावरण्यासाठी दुसरी औषधेही दिली होती, त्यामुळे मृत्यूला नेमके काय कारणीभूत झाले यावर पुढे वाद झाला. परंतु एका प्राण्याची मात्रा वजनाने गुणून दुसऱ्याला लावू नये, हा धडा तेव्हापासून सांगितला जातो.

आणखी एक उदाहरण सोनोग्राफीचे. शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1540 मीटर असतो. कंपनसंख्या सेकंदाला 75 लाख ठेवली तर तरंगलांबी सुमारे 0.2 मिलिमीटर येते. तरंगलांबी जितकी लहान तितका तपशील बारीक दिसतो, पण लाटा तितक्याच लवकर शोषल्या जातात आणि खोलवर पोहोचत नाहीत. मांजराचे पोट मुळात खोल नसल्यामुळे डॉक्टर अशी उच्च कंपनसंख्या वापरतात. मोठ्या कुत्र्यासाठी ती उतरवतात. अकरावीच्या वर्गात तरंगांचा धडा कंटाळवाणा वाटणाऱ्यांनी हे एकदा पाहावे.

आणि पाखराचे काय? पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हाच हवा आत-बाहेर होते. म्हणून पाखराची छाती मुठीत आवळली तर नाक-तोंड मोकळे असूनही ते गुदमरते. त्याच्या अंगात रक्त असते जेमतेम तीन मिलिलिटर. आपल्याला किरकोळ वाटणारा रक्तस्राव त्याच्या जिवावर बेततो.

हे सारे अशा रुग्णांबाबत, ज्यांना कुठे दुखते ते सांगता येत नाही. मांजर तर दुखणे लपवण्यात पटाईत. जे सांगतो तो मालक, आणि तोही माझ्यासारखा अर्धी गोळी दिल्याचे आधी लपवणारा!

एक दवाखाना, तीन वाटा

त्या दवाखान्यात तीन पशुवैद्य होते. तिघे एकाच टेबलापाशी उभे असत; पण तिथवर आलेल्या आणि तिथून पुढे जाणाऱ्या वाटा निराळ्या होत्या.

पहिला टप्पा मात्र तिघांचा एकच. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, 'नीट' परीक्षेतील गुण आणि मग बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पदवी. अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा असून त्यातले शेवटचे एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आपल्या राज्यात हे शिक्षण 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणच्या महाविद्यालयांतून मिळते. त्यांपैकी मुंबईचे, परळ येथे सुरू झालेले महाविद्यालय 1886 सालचे, म्हणजे देशातल्या जुन्या पशुवैद्यक महाविद्यालयांपैकी एक. पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. तिच्यावाचून उपचार करता येत नाहीत. त्यासाठीचा कायदा 1984 चा.

दवाखान्याचे मालक असलेले वडीलधारे डॉक्टर लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन पशुधन विकास अधिकारी झाले होते. पुष्कळ वर्षे त्यांनी तालुक्याच्या गावी काढली. लाळ्या-खुरकुताच्या लसी टोचल्या, रात्री-अपरात्री गोठ्यात जाऊन अडलेल्या म्हशी सोडवल्या. मग नोकरी सोडून शहरात हा दवाखाना घातला. ते म्हणाले, "खेड्यात यंत्र नव्हतं, तेव्हा डोळे आणि हात तयार झाले. तीच पुंजी इथं वापरतो."

दुसऱ्या डॉक्टर तरुण होत्या. पदवीनंतर त्यांनी शल्यचिकित्सा हा विषय घेऊन दोन वर्षांची एम.व्ही.एस्सी. केली होती. मोडलेल्या हाडात सळई घालणे, पट्टी बसवणे हे त्यांचे काम. उंच इमारतींच्या गच्च्यांतून पडणारी मांजरे त्यांना हल्ली फार येतात. पुढे पीएच.डी. करून महाविद्यालयात शिकवावे असा त्यांचा विचार होता. ज्या मुलींना हे काम पुरुषांचे वाटते त्यांच्यासाठी एक माहिती देतो. एलीन कस्ट या बाईंनी एडिंबरा येथे 1900 साली आपले शिक्षण पुरे केले, पण स्त्री म्हणून त्यांना ब्रिटनची अधिकृत मान्यता मिळाली ती 1922 साली. तोवर त्या आयर्लंडमध्ये शेतकऱ्यांची जनावरे तपासतच होत्या.

तिसरा अगदी नवा, नुकताच नोंदणी झालेला. रात्रपाळी त्याच्याकडे. त्याला परदेशी जायचे होते. आपली पदवी तिकडे आपोआप चालत नाही. अमेरिकेत आधी ती तिथल्या पदवीच्या तोडीची आहे हे परीक्षांनी सिद्ध करावे लागते, मग परवान्याची परीक्षा असते. ब्रिटनमध्येही वेगळी परीक्षा आहे. तिकडे पुढे नेत्रचिकित्सा, हृदयविकार, त्वचारोग यांसारख्या एकेका विषयात काही वर्षे काम करून तज्ज्ञ होता येते. तो दवाखान्यातून घरी गेला की त्या परीक्षांची पुस्तके उघडत असे.

याखेरीज विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा, लसनिर्मिती, प्राणिसंग्रहालये आणि वन्यप्राण्यांची उपचार केंद्रे, सैन्यातील पशुवैद्यक दल या वाटाही आहेतच. लहान दवाखान्यातली दोन वर्षे यांपैकी कोणत्याही वाटेला उपयोगी पडतात, कारण तिथे रोज नवा प्राणी आणि नवी अडचण समोर येते.

वाटा बदलतातही. जगातील पहिले पशुवैद्यक विद्यालय 1761 साली क्लोद बुर्झला याने फ्रान्समधील लिआँ येथे स्थापले. तेव्हा आणि पुढे दीडशे वर्षे पशुवैद्याचा मुख्य रुग्ण होता घोडा. मोटारी आल्या, घोडे रस्त्यांवरून गेले आणि हा धंदा आता बुडणार असे पुष्कळांना वाटले. पण तो कुत्र्या-मांजरांकडे वळला. पुढे 1978 च्या सुमारास कुत्र्यांमध्ये पार्व्हो हा नवाच विषाणुरोग जगभर पसरला. हा विषाणू मांजरांतील एका जुन्या विषाणूचा जवळचा नातलग. काही वर्षांतच त्यावर लस आली आणि आज पिल्लाला ती टोचणे हा दवाखान्याचा नित्यक्रम आहे. तुम्ही धंद्यात पडाल तेव्हा कोणता रोग नवा असेल हे आज कोणीच सांगू शकणार नाही. म्हणून पदवीपेक्षा शिकत राहण्याची सवय मोठी.

गोड गैरसमज

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी पुन्हा एकदा अर्धाच सल्ला देईन. "मला प्राणी फार आवडतात" एवढ्यावर हा व्यवसाय निवडू नका. दवाखान्यात येणारा प्राणी घाबरलेला असतो. तो चावतो, ओरबाडतो. रेबीजची लस डॉक्टरांना आधीच टोचून घ्यावी लागते. नोकरीच्या पहिल्या वर्षांचा पगार संगणक क्षेत्रातल्या मित्राच्या पगारापुढे तोकडा वाटतो आणि स्वतःचा दवाखाना घालायचा तर यंत्रांचा खर्च जबर असतो.

त्याहून अवघड म्हणजे माणसे. उपचाराचा खर्च बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून जातो आणि तो झेपत नाही तेव्हा काय करायचे, हे डॉक्टरला मालकाशी बसून ठरवावे लागते. एका दुपारी एक आजोबा आपला म्हातारा कुत्रा घेऊन आले. त्याला कर्करोग झाला होता. त्या तरुण डॉक्टर बाई त्यांच्याशी जवळजवळ तासभर बोलत बसल्या, आणि मग आजोबांच्या संमतीने त्याला शेवटचे इंजेक्शन दिले. नंतर त्या आत जाऊन तोंड धुऊन आल्या. पुढचा रुग्ण टेबलावर होताच. माणसांच्या डॉक्टरला हे काम करावे लागत नाही. यांना करावे लागते. ते जमणार नाही असे ज्याला मनापासून वाटते त्याने दुसरी वाट धरावी. त्यात कमीपणा काहीच नाही.

शिक्षकांना आणि तुम्हाला

माझे मत थोडक्यात असे. पशुवैद्यकाला 'एमबीबीएस हुकल्यावर घ्यायची गोष्ट' समजणे हे दोन्ही बाजूंनी घातक आहे. ज्याला त्यात गोडी नाही तो गुणांमुळे तिथे ढकलला जातो आणि आयुष्यभर कुढतो. ज्याला गोडी आहे, त्याला आम्ही 'एक वर्ष थांब' म्हणून परत पाठवतो. गुणांच्या यादीवरून माणसाची आवड कळत नाही. शाळेत डॉक्टर, इंजिनियर यांची व्याख्याने होतात. गावातल्या पशुवैद्याला किती शाळांनी बोलावले आहे? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, यंदा एकदा बोलावून पाहा. आणि मूल सल्ला विचारायला आले तर गुणपत्रिका क्षणभर बाजूला ठेवून त्याला घरचे विचारा, त्याच्या रिकाम्या वेळाचे विचारा.

विद्यार्थ्यांनो, तुम्ही नुसता लेख वाचून काही ठरवू नका. सुट्टीत जवळच्या पशुवैद्याची परवानगी घेऊन दोन-तीन दिवस दवाखान्यात बसा. पिल्लांकडे पाहून हरखणे पहिल्या तासात संपेल. त्यानंतर काय उरते ते महत्त्वाचे. तोवर घरी एक सोपा प्रयोग करा. कुत्रा किंवा मांजर गाढ झोपले असताना घड्याळ लावून त्याचे एका मिनिटातले श्वास मोजा. आठ दिवस रोज मोजून वहीत लिहा. झोपलेल्या निरोगी कुत्र्याचे श्वास मिनिटाला साधारणपणे तिसाच्या आत असतात. ते दिवसेंदिवस वाढत गेले तर हृदयाच्या किंवा फुप्फुसांच्या दुखण्याची ती पहिली खूण असू शकते. प्राणी बोलत नसला तरी तो काय सांगतो ते असे मोजून कळते. हे मोजताना तुम्हाला कंटाळा येतो की चुरस वाटते, तेही वहीत लिहून ठेवा.

आणि पुढे कधी रांगेत उभे राहून "घेऊ का?" असे विचारायची वेळ आली, तर गुणपत्रिकेबरोबर ती वहीही आपल्या शिक्षकांना दाखवा.